डफडं हवं, वाजवणारा नको

जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात जा. नवरदेव पारावर येतो तो डफड्याच्या मागे. पोळ्याला मानाचा बैल तोरणाखालून जातो तो डफड्याच्या ठेक्यावर. देवीची यात्रा असो, निवडून आलेल्या सरपंचाची मिरवणूक असो, नाहीतर पिकल्या वयात गेलेल्या म्हाताऱ्याला वाजतगाजत पोचवणं असो, डफडं पुढे आणि गाव मागे. गावाचं सुख डफड्याशिवाय जाहीर होत नाही आणि दुःखही होत नाही. पण ज्याच्या गळ्यात ते डफडं अडकवलेलं असतं त्याला गावाने आजवर काय दिलं, हा हिशेब कुणी मागत नाही. तो आज मागायचा आहे.

मंठा-परतूरकडे एप्रिल-मेच्या उन्हातल्या लग्नात एक दृश्य हमखास दिसतं. वरात पारावर थांबलेली असते. तिच्यापासून पाच-पन्नास पावलं दूर, उकिरड्याच्या कडेला, अकरा-बारा वर्षांचं एक पोरगं तुराट्या पेटवून डफडं शेकत बसलेलं असतं. बकऱ्याचं कातडं, लाकडाचं नाहीतर पत्र्याचं कडं. जाळाची ऊब लागली की कातडं ताणतं. पोरगं बोटाने टिचकी मारतं, कान देतं, पुन्हा जाळावर फिरवतं. कमी शेकलं तर आवाज बद्द येतो, जास्त शेकलं तर कातडं फाटतं आणि दिवसाची कमाई जाते. नेमकं कधी थांबायचं हे त्याला कुणी पाटीवर लिहून शिकवलेलं नाही. बापाच्या मांडीवर बसून ऐकता ऐकता ते त्याच्या कानात उतरलं. मग ते उठतं. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक लवचिक काडी. टिपरू कातड्यावर ठोका देतं, काडी काठावर थरथरत त्या ठोक्यांमधली जागा भरते. नाचणाऱ्यांच्या पायांवर नजर ठेवून, उलटं चालत, ते लय चढवतं आणि उतरवतं. तास-दोन तास उन्हात, अनवाणी.

शहरातलं एखादं मूल एवढं करू लागलं असतं तर आईबापांनी त्याला क्लास लावला असता, परीक्षांना बसवलं असतं, गणेशोत्सवात मंचावर चढवलं असतं आणि शेजाऱ्यांना बोलावून ऐकवलं असतं. इथे वरात मांडवात पोचली की त्या पोराची गरज संपते. पंगती उठतात. पाहुणे जेवतात, सोयरे जेवतात, ट्रॅक्टरवाले जेवतात. वाजंत्री बाजूला लिंबाखाली बसून राहतात. त्यांची पाळी शेवटी, पुष्कळ गावांत अजूनही वेगळी, आणि वाढणारा हात अजूनही वरच्या वर. वरातीत कुणी झिंगलेला तरुण दहाची नोट ओवाळतो आणि ती हातात न देता मातीत टाकतो. वाजवणाऱ्याने वाकून, वाजवणं न थांबवता, ती उचलायची. लोक हसतात. सत्तरीच्या सनईवाल्या आजोबांना विशीतलं पोरगं 'अय, वाजव ना रं' म्हणून दटावतं. त्याच पोराने घरी आजोबांशी अरे-तुरे केलं तर बाप त्याच्या मुस्कटात देईल. मोठ्यांचा मान ठेवायची शिकवण आपल्याकडे आहे. ती कोणत्या वस्तीच्या हद्दीवर थांबते तेही आपण मुलांना नीट शिकवलेलं आहे.

मला सांगितलं जातं की हे आता जुनं झालं, आता सुपारी ठरते, इसार दिला जातो, कुणी कुणावर सक्ती करत नाही. पैसे दिले जातात हे खरं. पण डफडं कुणी वाजवायचं हे अजूनही जातच ठरवते. पूर्वी ते महार आणि मातंग समाजांच्या वाट्याचं काम होतं, आज बहुतेक ठिकाणी मातंगांच्या. पूर्वी त्याबदली सुगीला खळ्यावर पसाभर धान्य मिळायचं आणि त्याला बलुतं म्हणायचे. वाजवायला नाही म्हटलं की धान्य बंद, रानात पाऊल टाकायला बंदी, कधी मार. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता संपवली आणि तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी घातली, त्याला सात दशकांहून अधिक काळ लोटला. वेठ गेली, पण वेठीमागची नजर कोणत्या अनुच्छेदाने जाणार?

या नजरेचा खोटेपणा बघायचा असेल तर कातड्याकडे बघावं. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच जिल्ह्यातलं, घनसावंगी तालुक्यातलं. या मुलखात कीर्तन-भजनाला तोटा नाही, आणि कीर्तन पखवाजाशिवाय उभं राहत नाही. पखवाजाच्या पुडीला कातडंच असतं, बकऱ्याचंच. एका बाजूला शाई असते, दुसऱ्या बाजूला कणीक लावून सूर खाली आणतात. तो पखवाज गाभाऱ्यासमोर ठेवतात, त्याला हळदकुंकू वाहतात, वाजवायला बसण्याआधी हात लावून कपाळाला लावतात. तबल्याचंही तसंच. त्याच बकऱ्याचं कातडं डफड्यावर चढलं की ते देवळाच्या पायरीखाली राहतं. मग विटाळ कातड्यात आहे असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? तो वाजवणाऱ्याच्या जन्मात आहे असं आपण मानतो, आणि ते उघड बोलायची लाज वाटते म्हणून कातड्याचं नाव पुढे करतो. दक्षिणेत टी. एम. कृष्णा यांनी मृदंग घडवणाऱ्या कारागिरांवर २०२० मध्ये पुस्तक लिहिलं तेव्हा हाच प्रश्न विचारला होता: मैफलीत ज्या वाद्याला आपण वंदन करतो, त्याचं कातडं कमावणारा माणूस मैफलीत कुठे बसलेला असतो?

जालन्याच्या शेजारी पैठण. एकनाथ महाराज १५९९ मध्ये गेले. त्यांनी भारुडं रचली तेव्हा गोंधळ्याचा, जोशाचा, वासुदेवाचा आणि महाराचाही वेश आणि आवाज घेतला. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं होतं त्यांच्या तोंडून त्यांनी परमार्थ सांगितला. सव्वाचारशे वर्षं आपण ती भारुडं गातो, त्यांवर डोलतो, त्यांच्या स्पर्धा भरवतो. आणि भारुडातला जोहार घालणारा खरोखरीचा माणूस दारात आला की उंबऱ्यावर हात आडवा करतो. नाथांनी जे सोंग आणलं ते आपल्याला सोसतं, ज्याचं सोंग आणलं तो माणूस सोसत नाही.

आता त्या पोराच्या बाजूने बघू. डफडं शेकणाऱ्या त्या पोराचा कान चांगला आहे, हात चांगला आहे. त्याने पुढे काय व्हावं? वाजवत राहिला तर तो जन्मभर 'वाजंत्री'. कलावंत हे बिरूद त्याच्या वाट्याला येत नाही. वार्षिक परीक्षा आणि लगीनसराई नेमक्या एकाच वेळी येतात. चार लग्नं धरली तर दोन पेपर बुडतात. अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. ज्यांचे आईबाप टोळीत जातात त्या मुलांचं अर्धं वर्ष असंही कोप्यांवर, ऊसतोडीच्या झोपड्यांत जातं. उरलेल्या अर्ध्यात डफडं. आणि त्याने शहाणपणाने ठरवलं की शिकायचं, माणसासारखं जगायचं, तर पहिली गोष्ट त्याला डफडं टाकावं लागतं. इथे माझा या समाजावरचा खरा आरोप आहे. आपण एका कलेला दास्याची खूण करून ठेवलं. इतकं, की त्या कलेत जन्मलेल्या मुलाला स्वाभिमान हवा असेल तर आपली कला सोडावी लागते.

हे घडून गेलेलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावकीची हलकी कामं सोडा म्हणून सांगितलं, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावच्या महार समाजातल्या माणसांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, येसकरकी सोडली, आणि त्याबरोबर डफडं आणि सनईही खाली ठेवली. ज्यांनी ती खाली ठेवली त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे तयार वादक होते. त्यांनी गमावलं ते केवढं असेल! तरीही त्यांचं बरोबर होतं, शंभर टक्के बरोबर होतं. बेडी चांदीची असली तरी ती तोडावीच लागते. चूक त्यांच्याकडे बोट दाखवून 'बघा, कला बुडवली' म्हणणाऱ्यांची आहे. कला बुडवली ती तिला बेडी करणाऱ्यांनी.

आणि संगीत त्यांनी सोडलं नव्हतंच. भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तिथे वाजवायचं ते गावाच्या हुकमावरून नव्हे, स्वतःच्या माणसांना जागं करण्यासाठी. याच धारेत वामनदादा कर्डक आले. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत त्यांचा जन्म झाला. शाळा नाही. मुंबईत आले, गिरणीत राबले, अक्षरओळख झाली ती मोठेपणी. आणि मग या माणसाने हजारो गाणी लिहिली, मराठवाड्याच्या वस्त्यावस्त्यांत फिरून गायली. जालना, परभणी, छत्रपती संभाजीनगरच्या वस्त्यांत आजही आंबेडकर जयंतीला त्यांची गाणी होतात. २००४ मध्ये ते गेले. खेड्यातलं एक निरक्षर पोर एवढा मोठा कवी-गायक झालं याचा आपण अभिमान मिरवतो, पण त्या अभिमानाखाली दडलेली गोष्ट बघत नाही: त्यासाठी त्याला गाव सोडावं लागलं. गावात राहून वामनदादा वामनदादा झाले असते, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

बाईची तर आणखी कठीण गत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाण्याच्या कडूबाई खरात पतीच्या मागे लेकरं जगवण्यासाठी एकतारी घेऊन दारोदार गात फिरल्या. भीमरायाची गाणी गाणारा तो खडा, मोकळा आवाज कुणीतरी मोबाइलवर टिपला आणि महाराष्ट्रभर पोचला. मग सत्कार झाले, मंच मिळाले. चांगलं झालं. पण त्याआधी कितीतरी वर्षं तोच आवाज, तीच एकतारी, तीच बाई दारात उभी होती आणि लोक तिला पसाभर पीठ वाढून दार लावत होते. दार लावणारे कान बहिरे नव्हते. दारात उभ्या असलेल्या बाईकडे कला असू शकते हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं नाव तर तमाशासम्राज्ञी म्हणून पाठ्यपुस्तकात घालावं असं. पोटुशी असताना वगाला उभी राहिलेली ही बाई मध्येच राहुटीत जाऊन बाळंत झाली आणि पुन्हा फडावर आली, ही गोष्ट सगळा महाराष्ट्र कौतुकाने सांगतो. मला ती कौतुकाने सांगवत नाही. ओली बाळंतीण नाचायला परत आली, कारण तंबूसमोर पैसे भरलेले प्रेक्षक बसले होते आणि खेळ थांबला असता तर फडाचं पोट थांबलं असतं. त्या प्रेक्षकांत बायकोच्या बाळंतपणात तिला सव्वा महिना खाटेवरून उतरू न देणारे पुरुष होते. राष्ट्रपतींच्या हातचा सन्मान मिळालेल्या विठाबाईंचा शेवटचा काळ हलाखीत गेला. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या, आणि पुढे सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. मेलेल्या कलावंताच्या नावाने हार-तुरे, आणि जिवंत असताना औषधाची चिंता, हा आपला रिवाज होऊन बसला आहे.

सरकारकडे ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाची योजना आहे, २०२४ पासून महिना पाच हजार रुपये. योजना चांगली आहे. पण अर्जासोबत कलेचे पुरावे लागतात: प्रमाणपत्रं, कार्यक्रमांचे कागद, वर्तमानपत्रांतली कात्रणं. ज्या सनईवाल्याने पन्नास वर्षं पंचक्रोशीतली लग्नं लावली, त्याचं नाव कोणत्या लग्नपत्रिकेत छापलं गेलं? पत्रिकेत मामाचं नाव असतं, काकाचं असतं, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिमुकल्यांचं असतं, आमदार-खासदारांचं असतं. वाजंत्र्याचं नसतं. कागद आपणच दिला नाही, आणि आता कागद नाही म्हणून तो कलावंत नाही.

रस्त्यावर वाजणाऱ्या अशाच वाद्याला मान मिळू शकतो हे मात्र महाराष्ट्राने सिद्ध करून दाखवलं आहे. पुण्या-नाशिकच्या ढोल-ताशा पथकांकडे बघा. इंजिनिअर, डॉक्टर, कॉलेजातल्या मुली पांढरे कुडते घालून, फेटे बांधून, महिनोन्‌महिने नदीकाठी सराव करून गणपतीपुढे वाजवतात. आईबाप फोटो काढतात. मला त्या मुलांचं कौतुक आहे. त्यांनी मेहनत घेतली आहे. पण आपल्याला एक गोष्ट कबूल करावी लागेल. काठी तशीच, रस्ता तोच, देवही तोच. शहरातल्या सवर्ण घरातल्या मुलाने वाजवलं तर ती संस्कृती, आणि वस्तीतल्या मातंग मुलाने वाजवलं तर ते त्याचं काम. सनईचंही असंच. राजवाड्याच्या नगारखान्यात आणि लग्नाच्या दारात वाजणारं हे वाद्य बिस्मिल्ला खाँसाहेबांनी मैफलीत नेलं, आणि २००१ मध्ये देशाने त्यांना भारतरत्न दिलं. त्या वेळी जालन्याच्या खेड्यातला सनईवाला मांडवाबाहेरच बसलेला होता, आणि आजही तिथेच आहे.

तमिळनाडूत परई नावाचं असंच चामड्याचं वाद्य आहे, असंच दलितांच्या गळ्यात अडकवलेलं, मयताला वाजवायचं म्हणून हीन ठरवलेलं. तिथल्या काही दलितांनी ते कायमचं टाकलं. पण पुढे त्यांच्यातल्याच कार्यकर्त्यांनी, दिंडीगलकडच्या मुलींनीही, ते पुन्हा हातात घेतलं: मयताला वाजवणार नाही, दारूच्या वाटीवर वाजवणार नाही, मंचावर आणि मोर्चात वाजवू, आमच्या अटीवर. दोन्ही वाटा मानाच्याच आहेत, कारण दोन्ही त्या लोकांनी स्वतः निवडल्या. आपल्याकडच्या पोराला अशी निवड मिळते का?

जालन्यात पैसा नाही असं म्हणायला कुणी येऊ नये. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुनी आहे आणि खोटीही नाही. इथल्या बियाण्यांच्या कंपन्यांनी देशभर वाण पोचवले. बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. इथल्या रोलिंग मिलच्या सळ्या राज्यभराच्या इमारतींत आहेत, इथल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. उत्सवांना इथे डीजेच्या भिंती उभ्या राहतात, एका रात्रीला हजारो रुपये उडतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधड होते आणि रात्री दहाचा नियम कुणी पाळत नाही. डीजेवाल्याला आगाऊ रक्कम मिळते, त्याचं जेवण मंडपात होतं, त्याच्याशी कुणी अरे-तुरे करत नाही. यंत्र वाजवणाऱ्याला जो मान आपण सहज देतो तो हाताने वाजवणाऱ्याला देताना आपला हात आखडतो, आणि त्याचं कारण आपल्याला पक्कं ठाऊक आहे.

लोक मला म्हणतात, 'त्यांच्याच पोरांना आता वाजवायचं नाही, मग आम्ही काय करावं?' त्यांनी वाजवावं म्हणून आग्रह धरणं हाही पुन्हा जुना हुकूमच. करण्यासारखं दुसरं आहे, आणि ते आपल्या घरात आहे. तुमचा मुलगा गिटार शिकतो, तबला शिकतो. त्याला डफडं शिकवा. गावात पथक काढायचं असेल तर वस्तीतल्या त्या आजोबांना बोलवा, देवळाच्या ओट्यावर सगळ्यांच्या बरोबर बसवा, महिन्याचं मानधन ठरवून वेळेवर द्या, आणि मुलांनी त्यांना गुरुजी म्हणायचं आणि वाकून नमस्कार करायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत संगीताचा तास असेल तर हार्मोनियमशेजारी डफडंही ठेवा. लग्नपत्रिकेत सनईवाल्याचं आणि डफडेवाल्याचं नाव छापा, 'श्री.' लावून. मांडवात त्यांना पहिल्या पंगतीला बसवा, नवरदेवाच्या मामाच्या शेजारी. मामा उठून गेले तर जाऊ द्या, पंगत थांबवू नका.

आणि ते अकरा-बारा वर्षांचं पोरगं? त्याने मोठेपणी डफडं वाजवावं, तबला शिकावा, की पुस्तकं घेऊन छत्रपती संभाजीनगरला कॉलेजात जावं, हे त्याचं त्याला ठरवू द्या. त्यासाठी आधी त्याला पेपरला बसता आलं पाहिजे. २६ जानेवारीची ग्रामसभा उन्हाळ्यातल्या लगीनसराईच्या आधी येते. शाळेत जाणाऱ्या मुलाला परीक्षेच्या दिवशी कुणी वाजवायला बोलावणार नाही, आणि वाजंत्र्यांची पंगत या गावात वेगळी बसणार नाही, असे दोन ठराव जालना जिल्ह्यातल्या एका तरी ग्रामसभेने येत्या जानेवारीत सरपंचाच्या सहीने वहीत लिहून घ्यावेत.